सुनेची बाबागाडी

पडदे शिवणाऱ्या बाईच्या गळ्यात टेप असणार, यात नवल नाही. पण सासूबाईंच्या गळ्यातला टेप झोपतानाच काय तो उतरायचा. लोकांच्या खिडक्या मोजण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि जगात जे काही चुकतं ते माप न घेतल्यामुळे चुकतं, असं त्यांचं ठाम मत होतं. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मात्र हे मत काही दिवस गुंडाळून ठेवावं लागलं. मुलगी जन्मापासून अंध होती, आणि तिचं माप कुठून घ्यायचं हेच त्यांना कळेना. पुढे कळलं. सून घरात आली आणि थोड्याच दिवसांत सासूबाईंची हरवलेली कात्री शिवणाच्या मशीनखालून तीच काढून द्यायला लागली. रेडिओ केंद्रावर ती मुलाखती कापायचं आणि जोडायचं काम करायची. “आई, आपला दोघींचा धंदा एकच,” ती म्हणायची, “कापायचं, आणि शिवण कुणाला कळू द्यायची नाही.” सासूबाईंना हे वाक्य इतकं आवडलं, की गिऱ्हाइकांना त्या ते स्वतःचं म्हणून खुशाल ऐकवायच्या.

आता घरात पिटुकली आली होती, आणि सुनेची रजा संपत आली होती. मुलगा बेकरीत भट्टीवर कामाला. शहर उठायच्या आत तो घराबाहेर पडलेला असायचा. पाळणाघर रेडिओ केंद्राच्या वाटेवरच होतं आणि तिथे जागाही मिळाली होती. प्रश्न एवढाच होता, की सकाळी पिटुकलीला तिथे न्यायचं कुणी. आतापर्यंत सून तिला छातीशी झोळीत बांधून फिरायची. पण पोरीनं असं काही बाळसं धरलं, की आईची पाठ कामातून गेली. डॉक्टरीणबाईंनी झोळी बंद करायला सांगितली.

“मी आहे ना,” सासूबाई म्हणाल्या. “सकाळी मी नेईन, संध्याकाळी मी आणेन. पडदे काय पळून चाललेत?”

सून कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला लंगोट मांडीवर ठेवून ती म्हणाली, “आई, तुम्ही होतात म्हणून मी तगले. बाळंतपणानंतरचे दिवस मी तुमच्या जिवावर काढलेत, ते मी कधी विसरायची नाही. पण हिला पाळणाघरात मला न्यायचंय. माझ्या मी. ते जमणार नसेल तर मी कामच सोडते.”

“अगं, काहीतरीच काय!”

“काहीतरीच नाही. शाळेत मला कुणीतरी न्यायचं, कुणीतरी आणायचं. कुणाला सवड नसली की मी आपली दप्तर घेऊन दारात बसून. हात धरल्याशिवाय आईला कुठे जाता येत नाही, हे हिनं पहिल्यापासून बघायला नको.”

सासूबाईंनी मान डोलावली, मग सुनेला ती दिसत नाही हे आठवून “बरं” म्हणाल्या. पण खरं सांगायचं तर त्या केव्हापासून मनात मांडे खात होत्या. रोज सकाळी आपण बाबागाडी ढकलत निघालोय, चाव्या करणारा दुकानातून डोकावून विचारतोय, “काय, नात का?”, आपण थांबतोय, पिटुकली हसतेय. मुलगा मोठा झाल्यावर कुणाला त्यांची अशी रोजची गरज उरली नव्हती. पडद्यांची गरज लोकांना पाच-सात वर्षांतून एकदा लागते.

तरी एकदा ठरलं म्हटल्यावर त्या हात राखून काम करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी लिफ्टचं दार मोजलं. लिफ्ट आतून मोजली. जिन्याखालचा कोनाडा, पाळणाघराचं फाटक, बसची पायरी, सगळं मोजलं. शेजारच्या इमारतीतली एक बाई बाबागाडी घेऊन उभी होती तर तिच्या गाडीलाही टेप लावून आल्या. त्या बाईनं आधी चमकून पाहिलं, आणि मग आपल्या गाडीच्या तक्रारींचा असा पाढा वाचला, की सासूबाईंना टेप गुंडाळून काढता पाय घ्यावा लागला.

दुकान मोठं होतं. बाबागाड्या रांगेनं उभ्या होत्या. काही इतक्या ऐसपैस, की त्यात सासूबाईच झोपल्या असत्या. विकणारी मुलगी तोंडानं गोड होती, पण प्रत्येक प्रश्न सासूबाईंना विचारत होती.

“काकू, यांना कसली हवीये? हलकी चालेल का यांना?”

“यांना विचारा की,” सासूबाई जराशा फणकाऱ्यानं म्हणाल्या. “दिसत नाही तिला. ऐकू तुमच्याआमच्यापेक्षा जास्त येतं.”

मुलगी ओशाळली आणि मग सुनेशी बोलायला लागली. शेवटी सासूबाईंच्या मापात एक गाडी चपखल बसली. अरुंद, हलकी, एका हातानं मिटणारी. लिफ्टमध्ये जाऊन वर बोटभर जागा उरेल अशी. सासूबाई अगदी खूश झाल्या.

“बाहेर फुटपाथवर चालवून बघते,” सून म्हणाली.

मुलीनं काचेतली मोठी बाहुली काढून गाडीत बसवली. सासूबाई पिटुकलीला कडेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या. सुनेनं एका हातात गाडीची दांडी धरली, दुसऱ्या हातात पांढरी काठी, आणि निघाली. पहिली काही पावलं छान गेली. पण काठी पोचणार कुठे? गाडी काठीच्याही पुढे. सुनेनं काठी बाजूनं फिरवून पाहिली, दांडीवरून पुढे घालून पाहिली. तेवढ्यात फुटपाथ संपला. काठीला ते कळायच्या आत गाडीची पुढची चाकं कडेवरून धाडकन खाली गेली, गाडी नाकावर पडली आणि बाहुली उडून रस्त्याच्या मधोमध जाऊन पडली. एका सायकलवाल्यानं करकचून ब्रेक दाबला. त्याला क्षणभर ते खरंच बाळ वाटलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“काय झालं?” सुनेनं विचारलं. “आई, काय पडलं?”

सासूबाईंनी पिटुकलीला इतकं घट्ट धरलं, की ती रडायला लागली. शेवटी सायकलवाल्यानंच बाहुली उचलून आणून दिली आणि निघून गेला. सुनेनं बाहुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. एका बाजूला रस्त्याची धूळ लागली होती. तिला सगळं समजलं.

त्या दोघी गाडी न घेताच घरी आल्या. मुलीनं दुसऱ्या गाड्या दाखवल्या होत्या, पण त्यांत काय फरक पडणार होता? ढकलायची म्हटली की कुठलीही बाबागाडी आईच्या आधी खड्ड्यात जाणार, खांबावर आपटणार, रस्त्यात उतरणार. संध्याकाळी मुलगा म्हणाला, “अगं, आई नेईल ना तिला. त्यात काय एवढं?” त्यावर सून एवढंच म्हणाली, “उद्या केंद्रावर फोन करून सांगते, की मी येत नाही.” तिचा आवाज सरळ होता. सुनेला रडताना सासूबाईंनी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ती रडली नाही. ती फक्त बाहुलीला लावलेला हात पुन्हा पुन्हा धूत होती.

तुम्हाला वाटेल, सासूबाईंना वाईट वाटलं असेल. वाटलंच. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी एक गोड गुदगुली होती, आणि ती त्यांना स्पष्ट जाणवत होती. सून आज ना उद्या समजुतीनं घेईल, कामावर जाईल, आणि पिटुकलीला मीच नेईन. चाव्यावाला विचारेल, “काय, नात का?” त्यांनी ती गुदगुली दाबून टाकायचा प्रयत्न केला, पण ती काही दबेना.

दुसऱ्या दिवशी सुनेनं फोन केला नाही. “उद्या करते,” म्हणाली. दुपारी ती बाजारात गेली. पिटुकली झोपली होती, आणि सासूबाई खिडकीशी बसून एका हॉटेलच्या पडद्यांना दुमड घालत होत्या. थोड्या वेळानं सून परत येताना खाली दिसली. उजव्या हातात काठी, आणि डावा हात मागे, त्यात बाजाराच्या चाकांच्या पिशवीची दांडी. लग्न होऊन आल्यापासून ती बाजार असाच आणायची, त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. पण फुटपाथवर कुणीतरी स्कूटर आडवी लावून ठेवली होती, म्हणून सासूबाई बघत राहिल्या.

काठी स्कूटरच्या चाकाला लागली. सून थांबली. तिच्या मागे पिशवीही थांबली. काठीनं डावीकडे चाचपलं, वाट मिळाली, सून वळली आणि पिशवी तिच्या पाठोपाठ वळून आली. पुढे फुटपाथची कड होती. काठी खाली उतरली, मग सुनेचा पाय उतरला, आणि तिनं पिशवी सावकाश, एक एक चाक करून खाली घेतली. पिशवीत अंडी असावीत, असं ते उतरवणं होतं.

सासूबाईंची सुई तिथल्या तिथे थांबली.

बाबागाडी ढकलायची असते, हे त्या दोघींनाही इतकं पक्कं ठाऊक होतं, की दुसरं काही मनातच आलं नव्हतं. सगळी मापं घेतली होती, आणि गाडी पुढे असावी की मागे, एवढंच कुणी विचारलं नव्हतं. सासूबाईंना ते लख्ख कळलं. आणि त्याच क्षणी हेही कळलं, की आपण हे बोललो नाही तर कुणाला समजायचं नाही.

त्या बोलल्या नाहीत. सून वर आली, अंडी काढून ठेवली, एकही फुटलं नव्हतं. सासूबाई मूग गिळून गप्प बसल्या. जेवतानाही गप्प. मुलानं दोनदा विचारलं, “आई, बरं नाही का?” तर “डोकं दुखतंय” म्हणाल्या.

सकाळी त्या पडद्याला दुमड घालायला बसल्या आणि ती वाकडी गेली. उसवली, परत घातली, परत वाकडी. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. पलीकडच्या खोलीत सून पिटुकलीशी बोलत होती. “आता काय, आपण दोघी घरीच,” ती म्हणत होती, “तू बोलायला लागलीस की तुझाच आवाज कापेन आणि जोडेन, काय?” पिटुकली खुदखुदली. सासूबाई ताडकन उठल्या.

“ऐक,” त्या दारातून म्हणाल्या. “तू बाजाराची पिशवी ढकलतेस का ओढतेस?”

“ओढते. का?”

“मग बाबागाडी का ढकलायची?”

सुनेचा डावा हात आपसूक मागे गेला, मूठ मिटली, उजवा पुढे झाला. त्या जागीच ती दोन पावलं चालली. आणि मग तिचा चेहरा असा उजळला, की सासूबाईंना तिच्याकडे बघवेना.

“आई! आई, हे तुम्हाला कसं सुचलं?”

“सुचलं कालच,” सासूबाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांची तयारी होती, पण तोंडातून खरंच आलं. “काल दुपारी. खिडकीतून बघताना. सांगितलं नाही तुला. मला वाटलं... मला तिला न्यायचं होतं गं.”

सून जवळ आली आणि त्यांचे दोन्ही हात शोधून धरले. “मला माहीत होतं तुमच्या मनात काहीतरी आहे. तुमचं डोकं दुखतं तेव्हा तुम्ही गप्प नसता, सगळ्या इमारतीला सांगता.” मग ती हसायची थांबली. “पण तुम्ही सांगितलंत, आई. नसतं सांगितलं तर मी आयुष्यभर घरात बसले असते, आणि मला कळलंही नसतं.”

त्याच दिवशी तिघी पुन्हा दुकानात गेल्या. विकणाऱ्या मुलीनं त्यांना बघून आधी बाहुली लपवली.

या वेळी सगळंच उलटं होतं. आधी जी गाडी सर्वांत चांगली, ती आता काहीच कामाची नव्हती. तिच्या दांडीला दोन वेगळ्या मुठी होत्या, आणि एका हातानं ओढली की ती कुशीवर वळायची. दुसरीची दांडी इतकी आखूड, की चाकं सुनेच्या टाचांना लागायची. तिसरी गरागरा फिरणाऱ्या चाकांची, ती मागून शेपटीसारखी डोलत यायची. सून एकेक गाडी घेऊन दुकानभर फिरत होती, काठी पुढे, गाडी मागे, आणि बाकीची गिऱ्हाइकं वाट देत होती.

“पण ताई,” मुलगी न राहवून म्हणाली, “बाळ पाठीमागे? सगळे तर पुढे ठेवतात. बाळ डोळ्यांसमोर असावं, म्हणून.”

“माझ्या डोळ्यांसमोर असून काय उपयोग?” सून म्हणाली. “माझ्यापुढे काठी, काठीमागे मी, माझ्यामागे ती. जे काही लागायचं ते आधी मला लागेल.”

सासूबाईंनी तोंड फिरवलं आणि उगाच एका गाडीचं छप्पर उघडून मिटून पाहिलं. पोरीला जन्म देताना सून किती सोसत होती हे त्यांनी पाहिलं होतं, तेव्हाही त्यांचा ऊर असा भरून आला नव्हता. आपल्या नातीला ही आई मिळाली, आणि आपल्या घराला ही मुलगी मिळाली, याबद्दल कुणाचे आभार मानावेत तेच त्यांना कळेना.

शेवटी मुलीनं आतल्या खोलीतून एक जुन्या धाटणीची गाडी बाहेर काढली. रंग मळखाऊ, त्यामुळे कुणी घेत नव्हतं. पण दांडी एकसंध आणि लांब, मोठी चाकं, आणि गरागरा फिरणारी चाकं सरळ अडकवून टाकायची सोय. बैठकही काढून उलटी बसवता यायची. सुनेनं ती ओढली. गाडी तिच्यामागून मुकाट्यानं आली. फुटपाथवर नेली, कड आली, काठी उतरली, सून उतरली, आणि गाडी एकेक चाक करून खाली आली. या खेपेला सासूबाईंनी बाहुली नको म्हणून सांगितलं होतं आणि गाडीत आपली हातातली पिशवी ठेवली होती. पिशवी जागची हलली नाही.

“हीच,” सून म्हणाली.

“टेप लावू?” सासूबाईंनी विचारलं.

“लावा की. नाही मावली तर लिफ्ट बदलू.”

मावली. जरा तिरकी करावी लागली, पण मावली. रजेचे उरलेले दिवस सून रिकामी गाडी घेऊन पाळणाघरापर्यंत जाऊन यायची, मग आत पिठाची पिशवी ठेवून, मग नवरा बरोबर असताना पिटुकलीला बसवून. सासूबाई एकदाही मागे गेल्या नाहीत. जीव टांगणीला लागायचा, पण खिडकीशी बसून दुमडी घालत राहायच्या.

मग कामाची पहिली सकाळ उजाडली. मुलगा केव्हाच भट्टीवर गेला होता. “मी खाली फाटकापर्यंतच येते,” सासूबाई म्हणाल्या, “त्यापुढे एक पाऊल नाही.” सून म्हणाली, “फाटकापर्यंत याच तुम्ही.”

खाली आल्यावर सुनेनं पिटुकलीचे पट्टे हातानं चाचपून लावले, टोपी सारखी केली. सासूबाई पापा घ्यायला वाकल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की बैठक फिरवलेली आहे. पिटुकलीची पाठ आईकडे होती आणि तोंड मागे.

“अगं, ही उलटी बसलीय! परवापर्यंत तर तुझ्याकडे तोंड होतं.”

“काल तुमच्या लेकानं फिरवून दिली. मीच सांगितलं.”

“पण तिला तू दिसायला नको का?”

“मी तिला संध्याकाळी दिसेन की,” सून म्हणाली. “आणि वाटेत ती माझ्याकडे बघत असली तरी मला कुठे कळणार आहे, आई? तुम्हाला कळेल. इथून कोपऱ्यापर्यंत रस्ता सरळ आहे, असं तुम्हीच सांगितलंत. तेवढा वेळ तिचं तोंड तुमच्याकडे राहील.”

सासूबाईंनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. सुनेनं तो हात क्षणभर आपल्या गालाला लावला, काठी पुढे टेकवली आणि निघाली.

चाव्यावाला दुकान उघडत होता, तो बाजूला झाला. बसच्या थांब्यावरच्या माणसांनी पाय आत घेतले. कुणीतरी फुटपाथवर भाजीचे क्रेट रचून ठेवले होते. काठी लागली, सून थांबली, गाडी थांबली, आणि दोघी वळसा घालून गेल्या. फाटकाशी उभं राहून जाणाऱ्यांच्या पाठी बघायच्या, एवढंच आता आपल्या वाट्याला आलं, असं सासूबाईंनी धरून ठेवलं होतं. आणि इथे तर तो गोल चेहरा, टोपीखालचे ते मोठे डोळे, रस्ताभर फक्त त्यांच्याकडे बघत चालले होते. चेहरा लहान लहान होत होता, पण वळत नव्हता. सासूबाई हात हलवत होत्या, हसत होत्या, आणि डोळे पुसायला त्यांनी हात खाली घेतला नाही, कारण तेवढ्यात काही बघायचं राहून गेलं असतं.

कोपरा आला. आधी काठी वळली, मग सून वळली, आणि सगळ्यात शेवटी, अगदी शेवटपर्यंत इकडेच बघत असलेली पिटुकली.